बत्तिसाव्या वर्षी संगीताची पदवी: तीन वर्षांचा जमाखर्च

जून २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात सहाव्या सत्राचा निकाल लागला आणि माझी संगीत विषयातील पदवी पूर्ण झाली. तीन वर्षांपूर्वी मी याविषयी माहिती शोधत होते, तेव्हा मोठ्या गायकांच्या मुलाखती पुष्कळ सापडल्या. परंतु अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, लेखी परीक्षेत नेमके काय लिहायचे आणि शिक्षणात चौदा वर्षांचा खंड असेल तर त्याचे काय करायचे, हे सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी ठाण्यात चरईत राहते, वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्याचे हिशेब पाहते आणि मला एक मुलगी आहे, जी मी प्रवेश घेतला त्या वर्षी पहिलीत गेली. महाविद्यालय नवी मुंबईत आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या तिथल्या चांगल्या शिक्षकांच्या नावावर जमा होऊ नयेत, असे मला वाटते.

मी २०१९ मध्ये विशारद पूर्ण केले होते. त्यामुळे घरातून आलेला पहिला प्रश्न अगदी रास्त होता: विशारद झालीस, मग आता आणखी पदवी कशाला? आपल्याकडे बहुतेकांचे संगीतशिक्षण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवरूनच मोजले जाते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९३१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले, आणि मंडळाची वास्तू आपल्या वाशीतच आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत विशारदपर्यंत जाताना मी दर वर्षी ठरावीक राग बसवले, ठरावीक व्याख्या पाठ केल्या आणि उत्तीर्ण होत गेले. यात मंडळाचा दोष काहीच नाही. मी त्या परीक्षांचा अभ्यास परीक्षेपुरताच केला, हे खरे आहे. विशारदची सनद हातात आल्यावर एका ओळखीच्या तबलजींनी सहज विचारले, “मारवा आणि पूरिया यांत फरक काय हो?” मी दोन्ही गाऊन दाखवले, पण सांगता आले नाही. ते उत्तर न देता येणे मला बराच काळ टोचत राहिले, आणि पदवीचा विचार तिथून सुरू झाला.

जानेवारी ते मार्च २०२२ हे तीन महिने केवळ चौकशीत गेले. पहिली गोष्ट ही समजली की, बी.ए.ला संगीत हा अनेक विषयांपैकी एक म्हणून घेणे आणि संपूर्ण पदवीच संगीताची घेणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात भाषा, समाजशास्त्र वगैरे विषयांबरोबर संगीताच्या काही प्रश्नपत्रिका असतात. दुसऱ्या प्रकारात गायन किंवा वादन हाच मुख्य विषय असून शास्त्र, इतिहास, ताल, स्वरलेखन आणि मंचप्रदर्शन हे सारे त्याच्याभोवती असते. पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाचा संगीत विभाग ही नावे सर्वांनी सांगितली. मुलीची शाळा दुपारी सुटत असल्यामुळे मला पुणे शक्य नव्हते आणि मुंबईकडचा सकाळचा प्रवास झेपणारा नव्हता. ठाण्याच्या नऊ-दहा क्रमांकांच्या फलाटांवरून सुटणारी ट्रान्स-हार्बरची गाडी मात्र आमच्या ओळखीची होती. अशा प्रकारे माझ्या महाविद्यालयाची निवड घराण्याने किंवा गुरूने नव्हे, तर लोकलच्या वेळापत्रकाने झाली.

खरी परीक्षा कागदपत्रांची होती. मी २००८ मध्ये वाणिज्य शाखेतून बारावी झाले, त्याच वर्षी प्रथम वर्ष बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि वडिलांच्या आजारपणामुळे वर्षाच्या मध्यावर शिक्षण सोडले. माझा शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्यामुळे त्या पहिल्या महाविद्यालयातच अडकलेला होता. तिथे गेल्यावर कार्यालयाने जुने रजिस्टर काढले आणि माझ्या नावावर ग्रंथालयाचे एक पुस्तक बाकी असल्याचे दाखवले. हिशेबशास्त्राचे ते पुस्तक मी परत केले होते याचा पुरावा चौदा वर्षांनंतर माझ्याकडे असणे शक्य नव्हते, म्हणून पुस्तकाची किंमत आणि दंड मिळून ४६० रुपये भरले आणि दाखला मिळवला. या एका कागदासाठी चार फेऱ्या झाल्या. खंडासाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घेतले, त्याला ५०० रुपये लागले. त्यात खंडाचे कारण, त्या काळात अन्यत्र कुठेही प्रवेश घेतला नसल्याचे विधान आणि नेमकी वर्षे लिहावी लागतात. मी घाईत वर्षे चुकवली आणि ते पुन्हा करून घ्यावे लागले.

नावाचा घोळ याहून किचकट होता. गुणपत्रिकांवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. प्रवेशखिडकीवरील एका वयस्कर लिपिकांनी मला बाजूला बोलावून सांगितले, “ताई, दहावीच्या नावानेच प्रवेश घ्या. पदवीच्या कागदावर तेच नाव आले म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही.” त्यांचा सल्ला योग्य होता, पण पुढच्या वर्षी श्रेयांक-खाते (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात ते ऑनलाइन खाते) उघडण्याची सूचना आली तेव्हा आधारवरील नाव आणि महाविद्यालयातील नाव जुळेना, आणि अखेरीस राजपत्रात नावबदलाची नोंद करावीच लागली. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र घरात असल्यामुळे ते काम तीन-साडेतीन आठवड्यांत झाले. ज्या विवाहित स्त्रिया पुन्हा शिकू इच्छितात, त्यांनी हे काम प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात उरकून घ्यावे.

प्रवेशचाचणी १२ जुलै २०२२ रोजी होती. पाऊस एवढा होता की, घणसोलीच्या पुढे गाडी पंचवीस मिनिटे उभी राहिली आणि मी ओल्या साडीनेच आत गेले. समोर तीन परीक्षक होते. मी यमन गायले, विलंबित एकताल आणि मग तीनतालातील एक छोटा ख्याल, जो ठाण्यात गाणे शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी गायलेला असतो. त्यांनी एकतालाचा ठेका हातावर टाळी-खाली देत (टाळीच्या मात्रेवर टाळी, खालीच्या मात्रेवर रिकामा हात) म्हणायला लावला, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, मग दोन स्वरावली गुणगुणून राग ओळखायला सांगितले. हे सारे ठीक झाले. मग मध्ये बसलेल्या सरांनी विचारले, “ही यमनातली बंदिश तुम्हाला कोणाकडून मिळाली?” मी म्हटले, “माझ्या बाईंकडून.” “आणि त्यांना?” मला ठाऊक नव्हते. “अंतऱ्याची दुसरी ओळ तुम्ही वेगळी म्हणता. ती कुठून आली?” वेगळी म्हणजे कशाहून वेगळी, हेही मला ठाऊक नव्हते. सर हसले, वहीत काहीतरी लिहिले आणि पुढचे नाव पुकारले गेले. परतीच्या गाडीत मला खात्री होती की प्रवेश मिळणार नाही. २२ जुलैला यादी लागली, तीत माझे नाव होते.

पहिल्या वर्षाचे शुल्क १९,४०० रुपये भरले आणि १ ऑगस्टपासून वर्ग सुरू झाले. आम्ही अकरा जण होतो. बाकीचे दहाही अठरा-एकोणीस वर्षांचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला शिक्षिका समजून उभे राहून नमस्कार केला, दुसऱ्या आठवड्यात ‘ताई’ म्हटले आणि दिवाळीपर्यंत मी ‘काकू’ झाले होते. दिनक्रम असा बसवला: पहाटे पाच ते सव्वासहा रियाज, साडेसात ते साडेदहा कारखान्याचे हिशेब, बारा ते पाच महाविद्यालय. मुलीला शाळेतून आणण्याचे काम सासूबाईंनी न सांगता अंगावर घेतले. इमारतीत पहाटेच्या खर्जाविषयी एक तक्रार आली, तेव्हा मी खिडकी बंद करून आणि तंबोऱ्याच्या यंत्राचा आवाज कमी करून गाऊ लागले.

प्रात्यक्षिकाच्या वर्गात पहिली अडचण आली ती पट्टीची, म्हणजे पेटीवरची कोणती पट्टी षड्ज (सा) धरून गायचे याची. मुलगे काळी एकमध्ये गात, मुली काळी चारमध्ये, आणि शिक्षक एकच असल्यामुळे सर्वांना मधल्याच कुठल्यातरी पट्टीत गावे लागे, जी कोणाचीच नव्हती. महिनाभरात माझा खालचा षड्ज बसला आणि घसा दुखू लागला. सामूहिक वर्गाची ही मर्यादा आहे आणि ती तीन वर्षे राहिली. म्हणून माझे सांगणे एवढेच की, पदवीसाठी प्रवेश घेतला म्हणून आपल्या गुरूंकडची तालीम थांबवू नये. महाविद्यालयात आठवड्याला गळ्यावर वैयक्तिक लक्ष मिळते ते फार तर वीस मिनिटे. मी तालीम सुरू ठेवली, महिना १,५०० रुपये, आणि तो खर्च शुल्काइतकाच आवश्यक धरला.

मग महाविद्यालयात काय मिळते? मला ते सप्टेंबरमधल्या एका दुपारी कळले. शास्त्राच्या वर्गात श्रुतींची, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांची, वाटणी चालली होती. बावीस श्रुती सात स्वरांत चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा वाटल्या जातात, हे मी मध्यमेपासून पाठ म्हणत आले होते. मॅडमनी फळ्यावर एक ते बावीस आकडे लिहिले आणि विचारले, षड्जाच्या चार श्रुती आहेत, मग षड्ज पहिल्या श्रुतीवर की चौथ्या? आम्ही गप्प. नाट्यशास्त्रकार भरतापासूनचे जुने ग्रंथकार स्वर शेवटच्या श्रुतीवर ठेवतात, म्हणजे षड्ज चौथ्या, ऋषभ सातव्या, गांधार नवव्या, मध्यम तेराव्या, पंचम सतराव्या, धैवत विसाव्या आणि निषाद बाविसाव्या श्रुतीवर येतो. आधुनिक काळातले संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे हीच वाटणी घेतात, पण स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवतात. मग षड्ज पहिल्या, ऋषभ पाचव्या, गांधार आठव्या, मध्यम दहाव्या, पंचम चौदाव्या, धैवत अठराव्या आणि निषाद एकविसाव्या श्रुतीवर. मॅडमनी आम्हाला दोन्ही सप्तके अंतर मोजत गायला लावली. पहिले काफीसारखे (कोमल गांधार-निषादाचे) ऐकू आले आणि दुसरे बिलावल (सारे शुद्ध स्वर). आकडे तेच, केवळ स्वर खणाच्या कोणत्या टोकाला बसवायचा एवढा फरक, आणि शुद्ध सप्तकच बदलून गेले. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच समजते: व्यवहार तोच, पण नोंद महिन्याच्या पहिल्या तारखेला टाकली की शेवटच्या, यावर ताळेबंदाचे चित्र बदलते. पंधरा वर्षे जे मी घोकत होते, त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कानाने कळला.

हार्मोनियमविषयीचा तासही मला असाच आठवतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, हे वाचलेले होते. त्या दिवशी सरांनी जवारी (तारेचा घुमणारा नाद) नीट लावलेला तंबोरा छेडला, खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार ऐकायला सांगितला आणि मग पेटीवरचा गांधार दाबला. पेटीच्या समान अंतरांच्या सप्तकात गांधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक) असतो आणि तंबोऱ्यातला सुमारे ३८६ वर. ते चौदा सेंट कागदावर क्षुल्लक दिसतात, पण दोन्ही एकत्र वाजताना हवेत थरथर स्पष्ट ऐकू येत होती. त्यानंतर घरी पेटीवर गांधार पक्का करण्याची माझी सवय मी सोडली.

लेखी परीक्षेविषयी मात्र कोणी आधी सावध केले असते तर बरे झाले असते. मी लहानपणापासून पलुस्कर पद्धतीने स्वरलेखन शिकले होते आणि येथे सारे भातखंडे पद्धतीने लिहायचे होते. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार (वरचे) सप्तक दाखवतो. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र (खालच्या) सप्तकाचा असतो आणि तारसाठी उभी रेघ. कोमल स्वराखाली भातखंडे पद्धतीत आडवी रेघ, तर पलुस्कर पद्धतीत स्वराचा पाय मोडतात. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) एकात फुली, दुसऱ्यात एकचा आकडा. खालीला एकात शून्य, दुसऱ्यात अधिकचे चिन्ह. पहिल्या सत्राच्या परीक्षेत घाईघाईत मी दोन्हींची सरमिसळ केली आणि माझी बंदिश कागदावर कधी जमिनीखाली, कधी छपरावर गेली. त्या प्रश्नपत्रिकेत १०० पैकी ४९ गुण मिळाले. पुढे मी उत्तरपत्रिकेवर प्रथम पट्टीने मात्रांचे उभे रकाने आखू लागले, समेची फुली आधी घालून मग अक्षरे भरू लागले, आणि ही चूक पुन्हा झाली नाही. आणखी एक गोष्ट: तीन तास मराठीत सलग लिहिण्याची हाताला सवय नसते. परीक्षेआधी महिनाभर रोज चार पाने हाताने लिहावीत.

ताल या विषयाची मुलांना भीती वाटे, मला वाटली नाही. बारा मात्रांचा एकताल दीडपटीने म्हणायचा तर तो आठ मात्रांत संपतो, म्हणून पाचव्या मात्रेवरून सुरुवात केली की समेवर येतो. तीनतालात पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेऊन शेवटची मात्रा समेवर आणायची असेल तर तिसऱ्या मात्रेवरून उठायचे. हे गणित कागदावर मला सोपे होते. हातावर टाळी देत तोंडाने म्हणताना मात्र दीडपट पहिले सहा महिने निसटत असे, आणि तिथे अठरा वर्षांची मुले माझ्या कितीतरी पुढे होती. ठाणे ते नेरूळ या रोजच्या प्रवासात मांडीवर बोटांनी मात्रा मोजत मी ती पक्की केली. डब्यातल्या बायकांना मी जप करते असे वाटत असावे.

दुसऱ्या वर्षी इतिहास आला, आणि देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतावरचा आपला सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, म्हणजे हे शास्त्र आपल्याच दौलताबादच्या किल्ल्याच्या सावलीत घडले, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि पलुस्कर त्यांचेच शिष्य, ही साखळीही तेव्हाच नीट उलगडली. ज्या मारवा-पूरियाने मला येथवर आणले होते, त्याचेही उत्तर मिळाले. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच. पण मारव्याचा भर कोमल ऋषभ आणि धैवत यांवर, पूरियाचा गांधार-निषादावर आणि मंद्र सप्तकात, सोहनीचा धैवत-गांधारावर आणि तार सप्तकाकडे. हे पुस्तकी उत्तर झाले. खरे उत्तर मॅडमनी असे दिले की, मारव्यात षड्जावर लवकर येऊ नका, त्याला टाळत राहा, आणि मग कळेल. चार दिवस टाळले आणि कळले.

याच वर्षी तो प्रकार घडला, ज्यामुळे मी शिक्षण सोडण्याच्या बेतात होते. तिसऱ्या सत्राचा निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला आणि त्यात अंतर्गत मूल्यमापनाच्या रकान्यात मी दोन विषयांत गैरहजर होते. मी दोन्ही चाचण्या दिल्या होत्या. विभागाने गुण कार्यालयाला पाठवल्याचे सांगितले, कार्यालयाने ते मिळालेच नसल्याचे सांगितले, आणि पहिले दोन आठवडे मी तोंडी विनंत्या करत या दोन दारांमध्ये फिरत राहिले. शेवटी कारखान्यात आम्ही जे करतो तेच केले: लेखी अर्ज दोन प्रतींत नेला, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, सोबत माझ्या चाचणीच्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स जोडल्या आणि दर आठवड्याला त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र दिले. एकूण ४७ दिवसांनी दुरुस्त गुणपत्रिका मिळाली. दिलगिरी कोणी व्यक्त केली नाही. ज्या उत्तरपत्रिका परत मिळतात त्या जपून ठेवाव्यात आणि आवक क्रमांकाशिवाय कोणताही अर्ज देऊ नये, हे मी आता भेटेल त्या विद्यार्थ्याला सांगते.

प्रात्यक्षिक परीक्षांची वाट पाहण्याविषयीही थोडे सांगायला हवे. बाहेरून येणारे परीक्षक चौथ्या सत्रात तीन तास उशिरा आले. एप्रिलची दुपार, बंद पंखा, आणि सकाळी लावलेले तंबोरे तोवर उतरलेले. ज्यांचा क्रमांक पहिला होता त्या मुलीने घाईत तसाच तंबोरा घेतला आणि तिचा षड्ज शेवटपर्यंत लागला नाही. त्यानंतर मी सोबत सुती दोऱ्याचे जीव (जवारीसाठी तारेखाली घालायचे दोरे), पाण्याची बाटली आणि पोटाला हलके असे काही ठेवू लागले, आणि माझे नाव पुकारल्यावर तंबोरा पुन्हा लावण्यासाठी दोन मिनिटे मागून घेऊ लागले. कोणत्याही परीक्षकाने ती नाकारली नाहीत.

तिसऱ्या वर्षी लघुप्रबंध होता. मार्गदर्शक म्हणून मला प्रवेशचाचणीतले ते मधले सर मिळाले आणि विषय सुचवायला त्यांना एक मिनिटही लागले नाही. “तुमची ती यमनातली बंदिश कोणाकडून आली, ते शोधा,” ते म्हणाले. भातखंडे यांनी गावोगावच्या गवयांकडून बंदिशी मिळवून सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या, तेव्हा प्रत्येक बंदिशीचा एक पाठ छापील झाला. पण लोक गात राहिले ते आपापल्या गुरूंचे पाठ. ते पाठ ठाणे-डोंबिवली परिसरात आज किती आहेत, एवढेच मी पाहायचे ठरवले.

सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मी नऊ जणांकडे गेले. ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने जो संगीत समारोह भरवते, तिथे भेटलेल्या एका ज्येष्ठ श्रोत्यांनी पहिली तीन नावे सुचवली आणि तिथून पुढे ओळखी निघत गेल्या. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी प्रत्येकाची लेखी संमती घेतली. अडचण वेगळीच होती: वडीलधारे गायक बंदिश सलग म्हणून दाखवत नाहीत, ते मध्येच गोष्ट सांगतात, मग पुन्हा मुखड्यावर (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीवर) येतात, आणि दुसऱ्यांदा मुखडा वेगळा येतो. एका आजोबांनी एकाच बैठकीत तो एकदा सातव्या आणि एकदा नवव्या मात्रेवरून उचलला आणि विचारल्यावर म्हणाले, “बंदिश आहे बाई ती, रेल्वे नव्हे.” हे वाक्य मी प्रबंधात घेतले; सरांनी ते राहू दिले.

नऊ जणांकडून मला एकूण चार पाठ मिळाले. त्यांपैकी अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीचा वेगळा पाठ, म्हणजे मी चाचणीत गायलेला, माझ्याशिवाय आणखी तिघींच्या तोंडी होता. त्यात पंचमावरून थेट तार षड्जाकडे न जाता ओळ खाली वळून निषादावरून वर चढते. त्या तिघीही माझ्या गाण्याच्या बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. स्वतः बाई त्या वेळी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे नाशिकला होत्या आणि त्यांना फोनवर त्रास द्यायला मला संकोच वाटला. त्यांच्या गुरूंचे गुरू ग्वाल्हेर परंपरेतले होते एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी तो ‘परंपरागत पाठभेद’ म्हणून नोंदवला, त्यावर अडीच पाने लिहिली, चौऱ्याऐंशी पानांचा प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधून घेतला आणि ३ मार्च २०२५ रोजी सादर केला. टंकलेखन, स्वरलिपीची आखणी आणि चार प्रतींची बांधणी मिळून ३,८५० रुपये लागले. मराठी स्वरलिपी संगणकावर नीट उमटत नाही. शेवटी मी स्वरांची पाने हाताने लिहून त्यांच्या झेरॉक्स प्रती आत घातल्या.

एप्रिलमध्ये चाळीस मिनिटांचे मंचप्रदर्शन झाले. तबला आणि पेटीच्या साथीदारांची व्यवस्था आपली आपण करायची असते, हे आम्हाला तीन आठवडे आधी कळले. दोन तालमी आणि प्रत्यक्ष कार्यक्रम धरून ७,००० रुपये गेले. दोघी मैत्रिणींनी आणि मी एकच तबलजी ठरवला म्हणून एवढ्यात भागले. मी मारवा गायले. षड्ज टाळता टाळता एकदा नको तिथे लागला, हे परीक्षकांच्या लक्षात आले आणि माझ्याही. लेखी परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात संपल्या. तीन वर्षांचे शुल्क, परीक्षाशुल्क, तालीम, प्रवास, पुस्तके, साथीदार आणि कागदपत्रे मिळून १,५६,००० रुपयांच्या आसपास खर्च झाला. त्याची वही मी अर्थातच ठेवली आहे. श्रेणी पहिल्या वर्गाची मिळाली. नोकरी तीच आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी घरी सात मुले शिकायला येतात.

जुलैमध्ये बाई नाशिकहून परत आल्या. पेढे आणि प्रबंधाची प्रत घेऊन मी नौपाड्यात त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून स्वरलिपीची पाने सावकाश वाचली, चौथ्या पाठापाशी थांबल्या, ओळ गुणगुणली आणि हसू लागल्या. “अगं, ही कसली परंपरा? माझ्या परीक्षेच्या आदल्या रात्री मला ती ओळ आठवेचना. गुरुजींना विचारायची सोय नव्हती, म्हणून मी आपली अशी बसवली. परीक्षकांनी काही म्हटलं नाही, मग तीच तोंडात राहिली. तुम्हा सगळ्यांना मी तशीच शिकवली की!”

माझ्या प्रतीत मी त्या अडीच पानांच्या समासात पेन्सिलने ही हकीकत लिहून ठेवली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील प्रतीला दुरुस्तीपत्र जोडावे, असा लेखी अर्जही ११ ऑगस्टला दोन प्रतींत दिला. आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर अजून यायचे आहे.